त्रेचाळीस अ

“हितं नगं. गोठ्यात बसू चला,” शकुंतलाबाई म्हणाल्या आणि माझ्या होकाराची वाट न बघता चालू लागल्या.

त्यांचं बरोबर होतं. सोप्यात त्यांच्या सासूबाई खोकत पडल्या होत्या आणि झोपाळ्यावर त्यांचे मालक, वसंतराव खराडे, वर्तमानपत्र उघडून बसले होते. पाव तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं. कान मात्र आमच्याकडं होते. आमच्या सर्वेक्षणाचा पहिला नियमच असा होता, की बाईची मुलाखत एकटीला गाठून घ्यायची. नवरा नको, सासू नको, कडेवरचं पोर चालेल, पण बोलतं असेल तर तेही नको. खेड्यातल्या भरल्या घरात अशी जागा कुठून आणायची, हे नियम करणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी फॉर्मांची पिशवी उचलली आणि शकुंतलाबाईंच्या मागून निघाले.

तासगाव तालुक्यातली ही खैरवाडी. मार्च महिना होता, द्राक्षं उतरली होती आणि जिकडंतिकडं बेदाण्याच्या शेडांवर हिरव्या जाळ्या लागल्या होत्या. मी छत्तीस वर्षांची होते. मिरजेला भावाच्या घरी, वरच्या खोलीत राहायची आणि रोज एसटीनं येऊन घरोघर फॉर्म भरायची. चाळीसेक देशांत एकाच वेळी ते काम चाललं होतं. बायका आणि पुरुष यांच्यात कुठल्या देशात किती अंतर आहे ते मोजायचं, प्रत्येक देशाचा आकडा काढायचा आणि मग सगळे देश एकाखाली एक लावायचे. आम्हाला पुण्याला आठवडाभर शिकवलं होतं. शिकवणाऱ्या टिळेकर मॅडम बारीक अंगाच्या आणि खणखणीत आवाजाच्या.

“प्रश्नातला एक शब्द बदलायचा नाही,” त्या सांगायच्या. “उत्तर ऐकून मान हलवायची नाही, हळहळायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात की पुढचं उत्तर बदललंच म्हणून समजा. सांगलीच्या बाईला आणि पेरूमधल्या बाईला तोच प्रश्न त्याच शब्दांत गेला पाहिजे. नाहीतर तुलना कशाची करायची?”

पेरू नावाचा देश आहे, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना तिथंच कळलं.

शेवटच्या दिवशी आम्ही एकमेकींवर सराव केला. माझी जोडीदार ज्योती मोकाशी. तिनं मला ‘निर्णय कोण घेतं’ हा भाग विचारला. बारा प्रश्न. निर्णय बाई स्वतः घेत असेल तर दोन गुण, दोघं मिळून घेत असतील तर एक, दुसरंच कुणी घेत असेल तर शून्य. खाली चौकट होती, तिथं बेरीज. मी खरी खरी उत्तरं दिली आणि ज्योतीनं बेरीज करून ओरडून सांगितलं, “मॅडम, जयमालाचे चोवीसपैकी चोवीस!”

“वा!” टिळेकर मॅडम म्हणाल्या. “बघा, अशाही बायका आहेत आपल्यात. टाळ्या वाजवा तिच्यासाठी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून मान तुकवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, का ते माझं मलाच कळलं नाही.

तर, गोठा. शकुंतलाबाईंनी दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले. आत जनावर नव्हतं. जमीन शेणानं सारवलेली होती. कोपऱ्यात चूल, चुलीमागं उतरंड, दांडीवर धुवून वाळवलेलं लुगडं, एका बाजूला गुंडाळलेली वाकळ. म्हैस होती ती बाहेर, भिंतीला लागून. आणि चुलीपुढं पन्नाशीच्या एक बाई सुपात बेदाणा घेऊन देठं खुडत बसल्या होत्या.

“वन्सं, जरा भाईर बसा,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “ह्या म्याडमना माज्याशी एकटीशी बोलायचं हाय.”

त्या बाई माझ्याकडं बघून हसल्या. सूप उचललं आणि बाहेर जाऊन म्हशीजवळ उन्हात बसल्या.

“या कोण?” मी विचारलं.

“आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. सोनाक्का.”

“इथं राहतात?”

“छ्या! पावनी हाय. तिचं घर तिकडं, सासरला.”

“कधीपासून आल्यात?”

शकुंतलाबाईंनी बोटं मोजली, मग सोडून दिली. “माज्या लग्नाआदी दोन सालं. एकतीस वरसं झाली असतील बगा. दाल्ल्यानं दुसरी केली, तवा आली.”

मी खाली बसले, पण माझं लक्ष चुलीवरून हलेना. कारण ही चूल मी आधी एकदा खोटी ठरवून गेले होते.

आमचं काम दोन टप्प्यांचं असायचं. आधी गावातल्या प्रत्येक दारावर गेरूनं नंबर टाकायचा आणि घरयादी करायची. मग त्या यादीतून पुण्याला काही घरं निवडायचे आणि फक्त त्याच घरांत मुलाखती व्हायच्या. घर म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली होती : एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर. छत एक असलं तरी चुली दोन असतील तर घरं दोन. खैरवाडीची यादी फेब्रुवारीत मीच केली होती. खराड्यांच्या दारावर मी त्रेचाळीस नंबर काढला आणि वसंतरावांना विचारलं, “आवारात चुली किती?”

“एकच की.”

“आणि ते मागचं दार?”

“गोठा हाय त्यो.”

गोठ्याच्या कौलांतून तेव्हा धूर निघत होता. तो मला दिसला होता. दुपारचा एक वाजलेला, अजून वीस दारं राहिलेली, साडेतीनची एसटी गाठायची होती आणि वसंतरावांनी चहा पुढं केला होता. म्हैस काही चूल पेटवत नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी लिहिलं : ‘गोठा. वस्ती नाही.’ खाली सही ठोकली आणि चहा प्यायले.

शकुंतलाबाईंची मुलाखत दीड तास चालली. बिचारीला बोलायचं होतं खूप आणि माझ्याकडं रकाने थोडे. दवाखान्यात जायचं कोण ठरवतं? ते. माहेरी जायचं? ते. मोठी वस्तू घ्यायची? सासूबाई आणि ते. एकटीनं तासगावला जाता येतं का? “एकटीनं? आन मंग घरात जेवायला कोन घालंल?”

“मुलांच्या शिक्षणाचं कोण ठरवतं?”

“त्येच. पर म्याडम, एक सांगू का?” त्या पुढं सरकल्या. “मला एकदा इच्चू चावला. रातचं न्हवं, भर दुपारी, शेतात. तर ह्यांनी मला पाटकुळी मारली आन फाट्यापतुर पळत आलं. पायात चप्पल न्हवती त्यांच्या. त्ये कुठं लिवता?”

“त्याला रकाना नाही.”

“असं व्हय,” त्या म्हणाल्या आणि जरा हिरमुसल्या.

बेरीज झाली सात. चोवीसपैकी सात. खैरवाडीत साधारण सगळ्यांचे सहा-सात-आठच येत होते. मी आभार मानले, शकुंतलाबाई भाकरीचं बघायला घरात गेल्या आणि मी फॉर्म पिशवीत घालू लागले. तेवढ्यात दारात सावली पडली.

“आता मला इचारा,” सोनाक्का म्हणाल्या.

“आक्का, तुमचा नंबर नाही निघाला.”

“निगंल कसा? दारावर काडलाय कुठं?” त्या आत आल्या आणि माझ्या समोर बसल्या. सूप मांडीवरच होतं. “फुडच्या दाराला हाय, माळ्याच्या दाराला हाय, पडक्या चावडीलाबी तुमी काडून गेलासा. माज्या दाराला न्हाई.”

“चूक झाली,” मी म्हणाले.

“चूक तुमची झाली, पर जीव माजा जायचा ना.” त्यांचा आवाज चढला नव्हता. बोटं देठं खुडतच होती. “पाडव्यानंतर वसंता ह्यो गोठा पाडनार हाय. बेदान्याची शेड घालायची हाय हितं. मी म्हनलं, आरं, मी ऱ्हाते की हितं. तर म्हनला, आक्का, मुंबै-पुन्याची मानसं लिवून गेल्याती, हितं वस्ती न्हाई म्हनून. म्या वाचलंय, म्हनला. तुमी लिवताना खांद्यावरनं बगितलं त्यानं.”

माझ्या सहीची दोन अक्षरं एखाद्याची चूल विझवतील, असं मला कुणी पुण्यात शिकवलं नव्हतं.

“मग तुम्ही कुठं जाणार?”

“सोप्यात पड म्हनतोय. काय वाईट न्हाई त्यो. वर्साचं जुंदळं न चुकता आनून टाकतो. पर सोप्यात आय खोकतीया, पोरं अब्यास करत्याती. तितं मला चूल मांडू देतील व्हय? शकुंतलेच्या चुलीवरचं खायाचं म्हंजी ती वाडंल तवा आन वाडंल तेवडं. एकतीस वरसं पावनी म्हनून ऱ्हायली ती ह्या चुलीच्या जोरावर. चूल गेली का मी खरीच पावनी झाली. आन पावन्यानं किती दिस ऱ्हायाचं असतंय?”

मी नियम सांगितला. यादीत नसलेल्या घराचा फॉर्म भरता येत नाही. भरला तरी तो बाद होईल. शिवाय हा काही सरकारी दाखला नव्हे, याचा कोर्टात काडीचा उपयोग नाही. हे सगळं मी अगदी बरोबर सांगितलं आणि सांगता सांगता मला माझीच लाज वाटत गेली.

“बरं, बाद तर बाद,” त्या म्हणाल्या. “इचारा तर खरं. तुमी शकुंतलेला इचारताना मी समदं ऐकलं. भित्ताड एवडुसं, न ऐकून कुठं जानार? मला कुनी असं बसवून इचारलेलं न्हाई कदी. काय खाल्लंस हेबी न्हाई.”

मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

“घरातल्या माणसांची नावं सांगा. एका चुलीवर जेवणारी.”

“सोनाबाई.”

“आणखी कुणी?” हा प्रश्न दोनदा विचारायचा नियम होता. माणसं म्हातारी आणि तान्ही मोजायला विसरतात म्हणून. “आठवून सांगा. आणखी कुणी?”

“म्हस धरली तर दोन.”

“कुटुंबप्रमुख कोण?”

“म्हंजी?”

“घरात ज्यांचं ऐकतात ते.”

त्या खुदकन हसल्या. “मंग मीच की. मी सांगते आन मीच ऐकते.”

मग ते बारा प्रश्न आले. मी एक शब्द न बदलता वाचायला सुरुवात केली. घरात काय शिजवायचं हे मुख्यतः कोण ठरवतं?

“मीच. सकाळी दोन भाकरी थापल्या का सांजंचीबी सोय हुती.”

“तुमच्या आजारपणात दवाखान्यात जायचं की नाही, हे मुख्यतः कोण ठरवतं?”

“मीच.”

“जायचं झालं तर कुणाला विचारावं लागतं का?”

त्यांनी दाराकडं बघितलं. दारात नुसतं ऊन होतं. “इचारायला कोन तरी पायजे की वो,” त्या म्हणाल्या.

मी ‘नाही’वर खूण केली. दोन गुण.

“एकट्या बाजाराला जाता येतं?”

“एकटीच जाते.”

“नातेवाइकांकडं?”

“मला कोन अडीवतंय.”

“एखादी मोठी वस्तू घ्यायची असेल तर मुख्यतः कोण ठरवतं?”

“मीच. पिलांवाली कोंबडी घेतली हुती गेल्या साली, कुनाला म्हनून इचारलं न्हाई.” त्या थांबल्या. “मेली ती.”

मी हसले. नियम मोडून हसले आणि त्याही हसल्या. उरलेले प्रश्न मी खालच्या आवाजात विचारले आणि त्यांनी प्रत्येकाला ‘मीच’ म्हटलं. माझ्या पेन्सिलीला सवय झाली होती. खूण, दोन, खूण, दोन. शेवटी चौकटीत बेरीज लिहायला गेले आणि हात थांबला.

चोवीसपैकी चोवीस.

दोन महिन्यांत मी दोनशे दहा बायकांना हे प्रश्न विचारले होते. वकिलीण होती त्यात, दोन सरपंच होत्या, माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कुणी सोळाच्या वर गेलं नव्हतं. आमच्या फॉर्मच्या हिशेबानं सगळ्यात स्वतंत्र बाई ही, जिला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नव्हतं. आणि तिच्याइतके गुण मला ठाऊक असलेल्या आणखी एकाच बाईला होते. तिच्यासाठी पुण्यात टाळ्या वाजल्या होत्या.

“काय झालं वो?” सोनाक्कांनी विचारलं. “कमी पडलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “पैकीच्या पैकी पडले.”

“मंग रडताय कशापायी?”

मी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी सुपातले मूठभर बेदाणे उचलून माझ्या ओंजळीत घातले. थोडा वेळ मी ते खात बसले. गोड होते.

“तुमच्या घरात किती मानसं?” त्यांनी विचारलं.

“भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं. चार.”

“आन तुमी?”

मी तोंडातला बेदाणा चावायची थांबले. यादी करायचं काम करते मी, माणूस सुटू नये म्हणून दोनदा विचारते आणि मी स्वतःला धरलंच नव्हतं. त्यांनी ओळखलं. पण अरेरे म्हणाल्या नाहीत.

मग त्या उठल्या, उतरंडीमागून एक वाटी काढली. चूल सारवून रेघा ओढायला ठेवलेला गेरू होता. त्यात पाणी घातलं, बोटानं कालवलं, वर कापडाचा बोळा ठेवला आणि वाटी माझ्यापुढं धरली.

“काडा.”

“आक्का, मला अधिकार नाही.”

“गोठा म्हनून लिवायचा हुता व्हय?”

मी वाटी घेतली, बाहेर आले आणि दाराच्या चौकटीवर मोठ्ठा आकडा काढला. सुटलेल्या घराला शेजारच्या घराचा नंबर देऊन पुढं अक्षर लावायची पद्धत असते, यादी चालू असेपर्यंत. यादी महिन्यापूर्वी संपली होती. तरीही मी काढलं : ४३ अ. खाली पुढच्या घराकडचा बाण काढला, बाणाची गरज नव्हती तरी काढला.

वसंतराव वर्तमानपत्र हातात घेऊनच आले. त्यांनी आधी आकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बहिणीकडं.

“म्याडम, ह्ये काय? गोठ्याला नंबर?”

“गोठा नाही. आत चूल आहे.”

“तुमीच लिवला हुता की गोठा.”

“चुकलं होतं. दुरुस्त केलं.”

ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “आवो, लोकं काय म्हनतील? भावानं बहिनीची चूल येगळी क्येली म्हनून गावभर हुईल. पावनी म्हनून ऱ्हातीया, ऱ्हाऊ द्या.”

“एकतीस वर्षं?”

“मंग काय हाकलून दिऊ तिला?” ते खरोखर दुखावले होते. त्यांना वाटत होतं, आपण पुष्कळ केलं. त्यांच्या परीनं केलंही होतं. “आन ह्यो नंबर पुसला तर?”

माझ्या उभ्या नोकरीत दुसऱ्या कुणासाठी मी एकच खोटं बोलले. “सरकारी आकडा आहे तो,” मी म्हणाले. “पुसायचा नसतो. पुसला तर चौकशी लागते.”

सोनाक्का दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या आकड्याकडं अशा बघत होत्या, जणू कुणी त्यांचं नाव घेऊन हाक मारली असावी.

आठ दिवसांनी आमचे पर्यवेक्षक मुळीक सर फेरतपासणीला खैरवाडीत गेले आणि परत आल्यावर मला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढं दोन कागद होते, माझी यादी आणि बाकीच्यांबरोबर मी पाठवलेला सोनाक्कांचा फॉर्म.

“शिंगटेबाई, यात तुमची सही, त्यातही तुमची सही. एकात म्हणता वस्ती नाही, दुसऱ्यात बाई चोवीस गुणांची. यादी खोटी की फॉर्म खोटा?”

“यादी.”

त्यांनी चष्मा काढला. “यादी खोटी असेल तर गाव परत करावं लागेल. सगळी निवड परत. पुण्याला कळवावं लागेल, आणि तुम्हाला घरी बसावं लागेल. फॉर्म खोटा असेल तर एक कागद कमी होतो. पुन्हा विचारतो.”

भावाकडं घरी बसायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी खाली बघितलं.

“फॉर्म,” मी म्हणाले.

त्यांनी त्यावर तिरपी रेघ ओढली आणि ‘बाद’ लिहिलं. मी तो कागद मागून घेतला. अजून माझ्या ट्रंकेत आहे. नोकरी राहिली. आक्कांसाठी मी दारावर लिहू शकले, कागदावर नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलं ते राहिलंच.

पुढं देशांची यादी छापून आली. वर्तमानपत्रात टिळेकर मॅडमचा फोटो होता. आपला देश बराच खाली होता आणि त्यावर पुष्कळ लोकांनी पुष्कळ लिहिलं. त्या आकड्यात शकुंतलाबाईंचे सात होते, सोनाक्कांचे चोवीस नव्हते. गंमत अशी, की ते असते तर देश केसभर वर गेला असता.

तीन वर्षांनी ज्योतीची फेरी खैरवाडीला पडली. परत आल्यावर म्हणाली, “अगं, तिथं एका गोठ्याला आपला नंबर आहे. बाकी सगळ्यांचे पावसानं गेले, हा मात्र काल काढल्यासारखा. म्हातारी दर दिवाळीला त्याच्यावरून गेरू फिरवते म्हणे. आणि मालकानं बेदाण्याची शेड बांधलीय ती पार वाकडी, गोठा सोडून. लोक हसतात.”

“तू भेटलीस त्यांना?”

“नाही गं. दाराला कडी होती.”

“आणि त्रेचाळीस अ तुझ्या यादीत घेतलास?”

“न घेऊन काय करते? दारावर नंबर आहे म्हटल्यावर.”

त्याच उन्हाळ्यात मिरजेत आमच्या गल्लीत जनगणनेची घरयादी सुरू झाली. दुपारची वेळ होती. मी वरच्या खोलीत माझ्या स्टोव्हवर माझ्यापुरती आमटी करत होते. खालून आवाज आला, “वर कुणी राहतं का?”

“नाही हो,” वहिनी म्हणाली. “वर आमच्या वन्सं असतात. पाहुण्याच म्हणा ना. त्यांना नका धरू.”

वहिनी वाईट नाही. सणाला पुरणपोळीचं ताट न चुकता वर पाठवते. चौदा वर्षं पाठवतेय. मी स्टोव्ह बंद केला. पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि खरं सांगते, परत आत जावं असं फार वाटलं. मग जिना उतरले.

दारात शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या, घामानं डबडबलेल्या. चौकटीवर त्यांनी नुकताच सतरा काढला होता आणि तो अजून ओला होता.

“बाई, माझी चूल वेगळी आहे,” मी म्हणाले. “वर चला, दाखवते.”

“वन्सं, काय हे?” वहिनीचा चेहरा उतरला. “मी काय वाईट बोलले का?”

“नाही गं,” मी म्हणाले.

“पण माझं हे घर झालं की,” त्या बाई कुरकुरल्या. “आता पुढचं दार अठरा.”

“अ लावा. सतरा अ.”

त्यांनी उसासा सोडला आणि माझ्यामागून जिना चढल्या. खोली बघितली, स्टोव्ह बघितला, एक ताट, एक वाटी बघितली. माझ्या दाराच्या चौकटीवर आकडा काढला. मग पायरीवरच बसून कागद उघडला.

“कुटुंबप्रमुख?”

“जयमाला दत्तात्रय शिंगटे.”

“एकूण माणसं?”

जिन्याच्या तळाशी वहिनी वर मान करून उभी होती. तिच्यामागं भाऊही येऊन उभा राहिलेला दिसला.

“एक,” मी म्हणाले.

“आणखी कुणी? आठवून सांगा.”

“नाही. एकच.”

त्यांनी लिहिलं. मान हलवली नाही, हळहळल्या नाहीत. चांगल्या शिकवलेल्या होत्या.